२००९ नंतर जन्मलेली

३० नोव्हेंबर २०२५, रात्र

अहमदाबादेत आपल्या पोरांनी इराणला २-१ हरवलं. सतरा वर्षांखालील आशियाई चषकाची पात्रता फेरी, गटातली शेवटची मॅच. आपल्याला जिंकावंच लागणार होतं, इराणला बरोबरीही पुरत होती. पहिला गोल त्यांचा. मध्यंतराच्या तोंडावर आपल्याला पेनल्टी मिळाली, १-१. दुसरा हाफ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, तेवढ्यात आपला दुसरा गोल. पुढचा सगळा वेळ नुसता थोपवून धरण्याचा. मी फुटबॉल शिकवतो त्या तालमीतली चार पोरं माझ्याकडे मॅच बघायला आली होती. त्यांतला एक गोलकीपर. इराणचा कॉर्नर आला की तो बसल्या जागी दोन्ही हात वर करायचा, बॉल बाहेर गेला की खाली घ्यायचा. शेवटी शेवटी त्याने हात खाली घेणंच सोडलं.

*

गटात पाच संघ, पुढे जाणार एकच. पॅलेस्टाईनशी १-१, चायनीज तैपेईवर ३-१, लेबनॉनकडून ०-२ हार, आणि मग इराण. लेबनॉनकडून हरल्यावर मधे फक्त एक दिवस. सोळा वर्षांच्या पोराला हार गिळायला एक दिवस! मोठ्यांनाही तो पुरत नाही.

*

इराणचं नाव निघालं की मला २०१६ आठवतं. सोळा वर्षांखालील आशियाई स्पर्धा गोव्यात होती, यजमान आपण. इराणने आपल्याला ३-० हरवलं. दोन वर्षांनी मलेशियात त्याच इराणशी ०-० बरोबरी. आता २-१. पोरं दर वेळी वेगळी. मलेशियातल्या आणि अहमदाबादच्या संघांचा प्रशिक्षक मात्र एकच, गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. या वयोगटात ज्या माणसाने इतकी वर्षं काढली, त्याच्या हाताखालून किती पोरं गेली असतील! त्यातली बरीचशी पुढे कुठेच दिसली नसतील, तरी त्याला ती नावानिशी आठवत असणार, असं मला वाटतं.

*

२०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. आपण खेळलो ते यजमान म्हणून. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने कॉर्नरवर हेडरने मारलेला गोल, विश्वचषकातला भारताचा पहिला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. त्या आठवड्यात आमच्या पेठेत दुसरा विषय नव्हता.

त्या पोरांच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. पण यजमानपद म्हणजे कुणीतरी पाटावर बसवून वाढलेलं जेवण. पात्रता फेरीत पान स्वतः मांडावं लागतं. काठमांडू, ताश्कंद, दम्माम, चोनबुरी. रिकामी स्टँडं, टीव्हीवर दिसेलच याचा भरवसा नाही, वर्तमानपत्रात चार ओळी. मला विचाराल तर देशाचा फुटबॉल मोजायचा तो इथे.

*

मलेशियातली ती आशियाई स्पर्धा, २०१८. नीट लिहून ठेवायला हवं, लोक विसरतात. आदल्या वर्षी काठमांडूत पॅलेस्टाईनवर ३-०, नेपाळशी २-२, इराकशी ०-० करून ही पोरं तिथे पोचली होती. मलेशियात व्हिएतनामवर १-० विजय, तोही अगदी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर. इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१. चार सामन्यांत एक गोल केला, एक खाल्ला. ती एक मॅच काढली असती, तर विश्वचषकात खेळून मिळवलेली जागा असती. नीरज कुमार गोलमध्ये उभा होता. कोरियाविरुद्धचे त्याचे बचाव मी अजून पोरांना दाखवतो.

*

मनगट.

या खेळात वय नुसत्या कागदावर ठरत नाही, हाडावर ठरतं. २००९ च्या विश्वचषकापासून फिफाने मनगटाचा एमआरआय सुरू केला. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूने येणारं हाड मनगटापाशी वाढत असतं. तिथे कूर्चेचा पातळ थर असतो, फिल्मवर तो फटीसारखा दिसतो. वाढ पुरी झाली की फट बुजते. पूर्ण बुजलेली दिसली की पोरगा वयाबाहेर.

आमचा एक डावा विंगर असाच एका शिबिरातून परत आला. तिथे एक्स-रे काढला होता. त्याचा जन्म माझ्या डोळ्यांसमोरचा. त्याच्या आईला दवाखान्यात नेणाऱ्या रिक्षात मी होतो. पोराला मिसरूड लवकर फुटली, उंचीही लवकर आली, हाडंही तशीच. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. हाडाच्या टोकाशी जिथे काळी रेघ हवी, तिथे नुसता पांढरा पट्टा. तो शेजारी उभा राहून स्वतःचं मनगट चाचपत होता, आतलं काही बोटांना लागतंय का ते बघत. ‘सर, मी खोटं बोललो असं वाटलं का त्यांना?’ एवढंच त्याने विचारलं. शिबिरात त्याला कुणी काही समजावलं नव्हतं. यादीत नाव नाही, बॅग उचल, एवढंच सांगितलं होतं.

चाचणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. वय चोरून खेळणारा एक पोरगा खऱ्या वयाच्या पोराची जागा खातो. पण हाड लवकर भरलं म्हणजे पोरगा लबाड ठरत नाही. हे त्याला समोर बसवून सांगायला दहा मिनिटं लागतात.

*

माझ्या वडिलांची शाळेतली जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची १ जून. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला हाताला धरून आणलेलं असायचं, गुरुजी अंदाजाने साल धरून तारीख टाकायचे. कुणाचं काही अडलं नाही त्यात. अशा देशाला हाडं तपासावी लागणारच.

*

ताश्कंद, सप्टेंबर २०१९. तुर्कमेनिस्तानवर ५-०, बहरीनवर ५-०, यजमान उझबेकिस्तानशी १-१. अकरा गोल केले, एक खाल्ला, गटात पहिले. माझ्या मते या वयोगटातली आपली सगळ्यांत देखणी पात्रता फेरी ही. २००४ सालची पोरं होती. पुढची स्पर्धा बहरीनला व्हायची होती. करोना आला, स्पर्धा आधी पुढे गेली, जानेवारी २०२१ मध्ये रद्दच झाली. ज्या विश्वचषकासाठी ती खेळायची, तो पेरूमधला विश्वचषकही रद्द झाला.

मोठ्या खेळाडूची स्पर्धा हुकली तर पुढची असते. यांचं वय निघून गेलं. दार उघडलं तेव्हा आत जाणारी पोरं दुसरीच होती. या संघावर कुणी चार पानं लिहिली पाहिजेत.

*

बिश्केक, ऑक्टोबर २०२५. सतरा वर्षांखालील मुलींची पात्रता फेरी. किर्गिझस्तानवर २-१. उझबेकिस्तानविरुद्ध आधी गोल खाल्ला, मग दोन मारले. तीन वर्षांपूर्वी यजमान म्हणून विश्वचषक खेळताना याच वयाच्या मुलींनी तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले होते आणि त्यांच्याबद्दल वाट्टेल ते बोललं गेलं होतं. आता या मुली खेळून आशियाई चषकात पोचल्या. आमच्या मैदानावर संध्याकाळी सहा मुली येतात. त्यांना ही मॅच पुन्हा लावून दाखवायची आहे.

*

आधी माझ्या ध्यानात न आलेली एक गोष्ट. मुलांचा सतरा वर्षांखालील विश्वचषक दर दोन वर्षांनी व्हायचा. २०१७ साठी जन्म २००० किंवा नंतरचा, २०१९ साठी २००२ किंवा नंतरचा. म्हणजे २००१ साली जन्मलेल्या पोराला एकदाच संधी, तीही एका वर्षाने मोठ्या पोरांशी झुंजून. त्याच्या स्वतःच्या सालाची पाळी कधी यायचीच नाही. विषम साली जन्म घेतला एवढंच त्याचं चुकलं. २०२५ पासून ही स्पर्धा दरवर्षी कतारमध्ये, ४८ संघांची. प्रत्येक सालाला स्वतःची पात्रता फेरी मिळते. २००८ च्या पोरांनी चोनबुरीत ब्रुनेईवर तेरा गोल केले, तुर्कमेनिस्तानला हरवलं, आणि थायलंडकडून २-३ हरून घरी आली. २००९ वाल्यांनी इराणला हरवलं.

*

१ डिसेंबर, सकाळ

पोरं आज साडेपाचलाच मैदानावर. रात्री जागलेली, तरी एकही गैरहजर नाही. हजेरीच्या वहीत नावापुढे जन्मसाल लिहायचं ठरवलं. ओळीने उभे राहून सांगत होते, २०१०, २०११, २०१०, २०१२. गोलकीपरची पाळी आली. ‘२०१०, डिसेंबर,’ तो म्हणाला आणि वहीत नीट लिहिलंय का ते बघायला वाकला.