पंधरा दिवस आधीच काढून ठेवा

सौ. वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. डॉक्टर म्हणतात, दादांच्या पोटात डायलिसिसची नळी आत्ताच बसवून घ्या, डायलिसिस लागेल तेव्हा सुरू करू. तुमचं म्हणणं, लागेल तेव्हाच नळी बसवू आणि दुसऱ्या दिवशी डायलिसिस सुरू करू. उगाच आधीपासून पोटाला नळी चिकटवून कशाला हिंडायचं? तुमच्या गल्लीत, घडियाळी पोळेत, निम्म्या घरांनी तुम्हाला हाच सल्ला दिला असणार, आणि वरवर पाहता तो शहाणपणाचा आहे. माझं मत मात्र नेमकं उलटं आहे. नळी बसवणं आणि डायलिसिस सुरू करणं यांच्यात किमान दोन आठवडे जायला हवेत, आणि हे दोन आठवडे दादा हिंडते-फिरते आहेत तोवरच मिळतात. मी डॉक्टर नाही. पण जे वाचलं आणि ताडून पाहिलं, ते सविस्तर लिहितो.

नळी म्हणजे सिलिकॉनची मऊ, बोटापेक्षा बारीक ट्यूब. हेन्री टेंकहॉफ यांनी 1968 साली सिएटलमध्ये तिला जे रूप दिलं, तेच थोड्याफार फरकानं आजही चालू आहे. तिच्यावर डॅक्रॉनचे, म्हणजे नमद्यासारख्या खरखरीत कापडाचे, दोन पट्टे असतात. एक पोटाच्या स्नायूत बसतो, दुसरा कातडीच्या जरा खाली. सगळी मेख या पट्ट्यांत आहे. नळी बसवली त्या दिवशी ते नुसते जागेवर ठेवलेले असतात. पुढच्या काही आठवड्यांत आजूबाजूचं मांस त्यांच्या धाग्याधाग्यांत शिरतं, तेव्हा कुठे नळीभोवतीची वाट बंद होते. त्याआधीच पोटात दोन लिटर द्रव भरला आणि माणूस खोकला, शौचाला कुंथला किंवा बादली उचलायला वाकला, की पोटातला दाब वाढतो आणि द्रव नळीच्या कडेनं बाहेर यायला लागतो. आडवं असताना हा दाब सर्वांत कमी असतो, उभं राहिल्यावर वाढतो, बसल्यावर त्याहूनही वाढतो. ही गळती कळते कशी? ड्रेसिंग ओलसर लागतं. ती जखमेची लस आहे की डायलिसिसचा द्रव, हे ठरवायला नर्स त्यावर ग्लुकोज तपासायची पट्टी टेकवते. द्रवात साखर भरपूर, त्यामुळे पट्टीचा रंग बघता बघता गडद होतो. कधी बाहेर थेंबही दिसत नाही आणि द्रव कातडीखाली साठून पोटाची एक बाजू किंवा अंडकोश सुजतो. मग डायलिसिस थांबवून पोटाला विश्रांती द्यावी लागते, कधी काही दिवस तर कधी काही आठवडे. तेवढ्या काळात रक्त शुद्ध व्हायलाच हवं असेल तर मानेत नळी घालून हिमोडायलिसिस. म्हणजे घाई करून वाचवलेले दिवस व्याजासकट परत द्यायचे.

हे केवळ तर्काचं नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये 122 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत वाटणी केली: नळी बसवल्यावर एकाला 1, दुसऱ्याला 2 आणि तिसऱ्याला 4 आठवड्यांनी डायलिसिस. त्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. आठवड्याभरात सुरू केलेल्यांत गळती सुमारे 28 टक्क्यांना झाली, दोन आठवडे थांबलेल्यांत साडेनऊ टक्क्यांना, चार आठवडे थांबलेल्यांत जेमतेम अडीच टक्क्यांना. पहिल्या आठवड्यातल्या घाईचा फटका मधुमेहींनाही ठळकपणे बसला, आणि दादांची साखर तुम्हाला ठाऊकच आहे. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण पोटाच्या डायलिसिसची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिनंही 2019 च्या मार्गदर्शनात, घाई नसेल तर किमान दोन आठवडे थांबा, असंच सांगितलं आहे.

तुम्ही विचाराल, मग काही ठिकाणी दुसऱ्याच दिवशी सुरू करतात ते कसं? करतात, आणि ते चूक नाही. डेन्मार्कमध्ये आऱ्हूसच्या डॉक्टरांनी उशिरा आलेल्या रुग्णांना नळी बसवल्याबरोबर डायलिसिस दिलं. पण रात्री, आडवं झोपवून, थोडा थोडा द्रव वापरून, यंत्रावर. नळीच्या तक्रारी जास्त झाल्या, तरी बहुतेकांचं डायलिसिस पुढे टिकलं. ज्याला आजच डायलिसिस हवं आहे आणि ज्याच्याजवळ कुठलीच सोय तयार नाही, त्याच्यासाठी हा मार्ग मानेतल्या नळीपेक्षा चांगला ठरू शकतो, कारण मानेतली नळी थेट रक्तात जाते आणि तिच्यातून जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याची भीती असते. म्हणून दोन आठवड्यांचा नियम मी सोवळ्यासारखा पाळा म्हणत नाही. वेळ आली तर मोडावा. पण अडचणीतली सोय आहे ती. हातात वेळ असताना तीच मुद्दाम निवडणं मला पटत नाही.

दुसरी शंका तुमच्या पत्रातच आहे: लवकर डायलिसिस सुरू करण्यात काही फायदा नाही, असं कुठेतरी वाचलंत. बरोबर वाचलंत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 828 रुग्णांवरचा मोठा अभ्यास 2010 साली आला, त्यात लवकर सुरू करणारे आणि वाट पाहणारे यांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वाट पाहायला ठेवलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना मूत्रपिंडाचं काम ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरण्याआधीच डायलिसिस सुरू करावं लागलं, बहुतेकांना त्रास वाढला म्हणून. थोडक्यात, डायलिसिस लवकर नको, पण ते कधी लागेल हे कॅलेंडर सांगत नाही. नळी लवकर बसवणं आणि डायलिसिस लवकर सुरू करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी लादली जात नाही. हिमोडायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडून फिस्टुला करतात तोही कित्येक आठवडे आधीच करतात, आणि त्याला कुणी नाक मुरडत नाही.

नळी महिनोन् महिने लोंबकळत राहील आणि जंतू जातील, ही भीती रास्त आहे. त्यावर एक युक्ती 1990 च्या दशकापासून आहे: नळीचं बाहेरचं टोक कातडीखालीच पुरून ठेवायचं आणि गरज पडली की लहानसा छेद देऊन बाहेर काढायचं. सगळीकडे ती करत नाहीत. तुमच्याकडे होते का, ते विचारून घ्या.

आता आपल्याकडची खरी अडचण. भारतातल्या मूत्रपिंडविकाराच्या नोंदवहीचा पहिला अहवाल 2012 साली छापून आला. पहिले लेखक डॉ. मोहन राजापूरकर, तुमच्याजवळच्याच नडियादच्या मूलजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटलचे. बावन्न हजारांवर रुग्णांच्या या नोंदीत सुमारे 48 टक्के लोक आले तेव्हाच पाचव्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर होते. त्यांना कुणी दोन आठवडे थांबा म्हटलं तरी ते थांबणार कसे? दादा वेळेवर दाखवायला गेले, डॉक्टरांनी वेळेवर सांगितलं. एवढी सवड हाती असून ती वाया घालवायची आणि मग ऐन वेळी उशिरा आलेल्यांच्या रांगेत उभं राहायचं, हे मला अनाकलनीय वाटतं.

मधले दिवस रिकामे जाणार नाहीत. पहिलं ड्रेसिंग सांगितल्याशिवाय सोडू नका, नळी पोटाला टेपनं घट्ट धरून ठेवा, जखम भिजू देऊ नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, आणि दादांना घरातल्या उभ्या लाकडी जिन्यावरून सामान चढवू देऊ नका. दोन लिटरच्या तीन-चार पिशव्या रोज, म्हणजे महिन्याला शंभराच्या आसपास पिशव्या आणि दोनशे किलोंहून जास्त वजन. टेम्पो दारापर्यंत येतो की पोळेच्या तोंडाशीच थांबतो, खोके खालच्या खोलीत मावतील का, हे आत्ताच बघून ठेवा. पिशवी बदलायचं शिक्षणही तुम्ही दोघं याच दिवसांत घेऊ शकता. ऐन आजारपणात ते डोक्यात शिरत नाही.

तेव्हा डॉक्टरांनी दिलेली तारीख पुढे ढकलू नका. जाताना एवढंच विचारा, की दोन आठवडे पुरे व्हायच्या आत दादांना त्रास वाढला तर कमी द्रवावर, झोपवून सुरू करण्याची सोय तुमच्याकडे आहे का. उत्तर काय मिळतं ते मला लगेच कळवा.

तुमचा,
धाकटा दीर