घोलवडचे चिकू आणि सरकारी कागद

मुंबईहून गुजरातेकडे निघालेल्या माणसाला महाराष्ट्र संपता संपता भेटते ते घोलवड स्टेशन. २०१३ सालापासून मुंबईची लोकल डहाणूरोडपर्यंत धावू लागली; तिथे तिचे राज्य संपते. त्यापुढचे स्टेशन घोलवड, आणि पुढे उंबरगाव आले की ते थेट गुजरातेत. फलाटावर पाऊल ठेवावे, तो मुंबईची घाई मागे डब्यातच राहून गेली असे वाटते. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला दूरवर निळसर डोंगर, आणि मधल्या पट्टीत चिकूच्या वाड्या. भर दुपारीसुद्धा वाडीत शिरले की सावली अंगावर ओल्या पंचासारखी पडते.

सुट्टीत इकडे येणारी मुंबईकर कुटुंबे बोर्डीच्या सुरूच्या बनात चटया पसरतात, ओहोटीला पार लांब मागे सरलेल्या समुद्रामागे मुले धावत सुटतात, आणि संध्याकाळी परतताना कुणी चिकूची पेटी उचलतो, कुणी वाळवलेल्या फोडींची पुडी. आपल्या हाती येते ती पेटी. पण त्या पेटीवर नजर ठेवून किती कचेऱ्या बसलेल्या असतात, याची आपल्याला कल्पना नसते. घोलवड पाहायचे तर समुद्र पाहावा, वाड्या पाहाव्यात, आणि जमल्यास ह्या कागदांची हकिगतही ऐकावी. ती ऐकल्यावाचून हे गाव असे हिरवे का राहिले आणि इथला लहान धंदेवाला असा त्रासलेला का दिसतो, ह्या दोन्ही गोष्टी कळत नाहीत.

चिकू हे झाड मूळचे इथले नव्हे. मेक्सिको आणि मध्य अमेरिका हे त्याचे माहेर. तिकडे ह्याच झाडाच्या सालीतला चीक काढून त्याचे च्युइंगगम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इराणी आणि पारशी बागाईतदारांनी ते ह्या किनाऱ्यावर रुजवले, असे इथे सांगतात. इथली जात काळीपत्ती. घोलवडच्या मातीत चुन्याचा अंश भरपूर, म्हणून फळाला ही गोडी, असे बागाईतदार अभिमानाने सांगतो. वाडी एकाची असली, तरी ती अनेकांची चूल पेटवते. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधून फळ उतरवणारे वारली मजूर, फळे धुऊन निवडणाऱ्या बाया, पेट्या भरणारे, टेंपोवाले, रस्त्याकडेला टोपली मांडून बसणारी आजी ही सारी त्या सावलीतली माणसे.

चिकूचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. तो झाडावर पिकू देत नाहीत; कठीण असतानाच उतरवतात. मग चार-पाच दिवसांत तो मऊ होतो, आणि एकदा मऊ झाला की कुणासाठी थांबत नाही. सरकारी कागदाचा स्वभाव बरोबर ह्याच्या उलट. तो मुळी थांबण्यासाठीच जन्माला आलेला असतो. इथल्या तक्रारींपैकी निम्म्या ह्या दोन स्वभावांच्या भांडणातून उपजल्या आहेत.

हे भांडण आजचेही नाही. ह्या किनाऱ्याचे जुने झाड ताडाचे, आणि जुना धंदा ताडीचा. इंग्रज सरकारने १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा कायदा केला आणि झाडावरचा कर वाढवीत नेला. ज्याचे झाड, ज्याचे कष्ट, त्यालाच आपल्या झाडावर चढण्यापूर्वी परवाना काढावा लागे. पुढे १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही कायद्याने बंधने आली. स्वराज्य आले, आणि १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला. हेतू निराळा, पण झाडावर चढणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर कागद पुन्हा त्याच्याच हातात.

आताच्या घोलवडचे भाग्य ज्या कागदाने ठरवले, तो मात्र २० जून १९९१ ह्या तारखेचा. त्या दिवशी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने सारा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांचे तीन वर्ग पाडले : हिरवा, नारिंगी आणि तांबडा. हिरव्याला मोकळीक, नारिंगीला दिल्लीची परवानगी, तांबड्याला मज्जाव. साऱ्या तालुक्यात उद्योगांना मिळून जागा किती, तर जास्तीत जास्त ५०० एकर. तालुक्याभोवती २५ किलोमीटरांचा राखीव पट्टा. वाड्या आणि हिरवी जमीन होती तशीच राहावी, तिचा वापर बदलू नये, असेही सांगितले. अधिसूचना कागदावरच राहते असे दिसल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या ३१ ऑक्टोबर १९९६ च्या आदेशावरून त्याच वर्षाच्या डिसेंबरात डहाणूसाठी स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे अध्यक्ष. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन होईपर्यंत ती धुरा त्यांनी वाहिली.

ह्या कागदाने काय केले ते पाहायला फार लांब जायला नको. दक्षिणेला तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मोजणीत तारापूरला शंभरांपैकी ९३.६९ गुण मिळाले; आणि हे गुण प्रदूषणाचे असल्यामुळे देशात पहिला नंबर आला याचा आनंद कुणालाच झाला नाही. उत्तरेला हद्द ओलांडली की उंबरगाव आणि सरीगामच्या वसाहती, आणखी वर वापी. दोन्हीकडे धुराडी, मध्ये डहाणू-घोलवडच्या वाड्या. नकाशावर बोट ठेवून पाहिले की ही हिरवी पट्टी आपोआप उरली नसून कुणीतरी राखली, हे पटते. चिकूच्या वाडीला धंदा म्हणायचे, तर हा धंदा त्या अधिसूचनेने तगवला. सरकारी नियम म्हणजे लहान माणसाच्या पायातली बेडी, असे सरसकट म्हणणाराने एकदा घोलवडला यावे ते एवढ्यासाठी.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, आणि तीही इथलीच. डहाणूत रबराचे फुगे करणारे छोटे कारखाने होते. तिकडे चिंचणीच्या बाजूला दागिन्यांसाठी लागणारे डाय, म्हणजे साचे, घरोघर कोरले जात. अशा माणसाला एक शेड वाढवायची, एक यंत्र बदलायचे, तर आपला उद्योग कोणत्या रंगात बसतो येथपासून विचारणा. वाडीवाल्याच्या दोन मुलांपैकी एकाने चिकू टिकवण्याचा लहानसा कारखाना काढू म्हटले, तर जमिनीच्या वापराचा प्रश्न. मोठ्या कंपनीकडे ह्या कामाला वकील असतात, सल्लागार असतात. इथल्या एका वृद्ध बागाईतदारांनी ही गोष्ट फार साध्या शब्दांत सांगितली. "अहो, वाडीत काम करायला माणसे मिळतात," ते म्हणाले, "पण अर्ज घेऊन हिंडायला मी एकटाच. त्या दिवशी वाडीत मी नसतो."

पूर्वी हे हिंडणे ठाण्यापर्यंत असे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला आणि कलेक्टरची कचेरी निम्म्याहून अधिक अंतराने जवळ आली. कायद्यातले एक अक्षरही न बदलता लहान माणसाचा एक दिवस वाचला. ही साधी गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे २०१६ साल उजाडले. त्या वर्षी घोलवडच्या पदरात दोन गोष्टी पडल्या. जुलैमध्ये राज्य सरकारने फळे-भाज्या बाजार समितीच्या बंधनातून मोकळ्या केल्या. आपला माल समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक शेतकऱ्याला मिळाली. आणि त्याच वर्षी 'डहाणू घोलवड चिकू' ह्या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे आहे. म्हणजे एक नियम सैल झाला, आणि दुसरा नियम गावाने आपण होऊन मागून घेतला. दुसऱ्या प्रांतातला चिकू घोलवडचा म्हणून विकू नये, ह्यासाठी गावाला कायदाच हवा होता. दोन्ही गोष्टींचा आनंद एकाच बागाईतदाराला झाला, आणि त्यात विसंगती काहीच नाही.

मानांकनाची पुढची हकिगत मात्र गमतीची आहे. २७ जुलै २०२१ रोजी घोलवडचा चिकू मानांकनाचा शिक्का घेऊन इंग्लंडला रवाना झाला. पालघर जिल्ह्यात तेव्हा सुमारे ५,००० हेक्टर जमीन चिकूखाली होती. पण परदेशी पाठवायचे फळ नियमाप्रमाणे निवडून बांधायचे, ते काम झाले कुठे? तर गुजरातेतल्या तापी जिल्ह्यातल्या केंद्रात. नाव घोलवडचे, माती घोलवडची, आणि विलायतेला जाण्यापूर्वी त्याला शेजारच्या राज्याची वारी! हे वाचून हसू येते; पण चार दिवसांत मऊ होणाऱ्या फळाला ही वारी परवडते का, याचा विचार केला की हसू ओसरते.

घरी बसून चिकूच्या फोडी वाळवणाऱ्या, भुकटी आणि लोणचे करणाऱ्या बायांची गोष्टही अशीच. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा. त्याचे नियम २०११ साली लागू झाले. त्या नियमांनी वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना मोठ्या परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला शंभर रुपये फी ठेवली. फी कुणालाच जड नाही. आपण मुलांना खाऊ म्हणून देतो ती पुडी स्वच्छ असावी, हे आपल्यालाही हवेच असते. अडते ते अर्जापाशी. अशाच एका ताईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊ, चिकू कसा वाळवायचा ते मला कुणी शिकवायला नको. अर्ज कसा भरायचा, तेवढे शिकवायला कुणी आले तर बरे."

हे सारे लोक समजून घेतात. नाइलाजाने का होईना, पाळतातही. परंतु नियम पाळणाऱ्याच्या मनात एक हिशेब चालू असतो : मला जे लागू, ते मोठ्यालाही लागू ना? डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राला धुरातला गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवणे प्राधिकरणाने भाग पाडले आणि २००७ साली ती बसली, तेव्हा त्या हिशेबाची बेरीज जुळली होती. १९९८ साली ह्याच प्राधिकरणाने वाढवणचे बंदर ह्या तालुक्यात बसत नाही असा निर्णय दिला, तेव्हाही जुळली. मग ३१ जुलै २०२३ रोजी प्राधिकरणाने त्याच वाढवणला अटी घालून संमती दिली, मच्छिमारांच्या संघटना न्यायालयात गेल्या, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे ७६,००० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी झाली. देशाला मोठे बंदर हवे, हा युक्तिवाद खोटा नव्हे. पण एक शेड वाढवायला ज्याने वर्ष काढले, त्या फुगेवाल्याने ५०० एकरांची मर्यादा आठवून प्रश्न विचारला, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. बंदराने वाड्यांचे काय होईल ते पुढे दिसेल. नियमावरच्या विश्वासाला मात्र आजच ओरखडा उठला आहे.

घोलवडजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले की ह्या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी मिळते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. १९५७ साली ते कोसबाडला गेले, आणि अनुताई वाघांनी ते जन्मभर सांभाळले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा ह्या दोघींनी मुलांना बोल लावला नाही. त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा कुरणात शाळा भरवली. शिकवायचे ते शिकवलेच. चालण्याचे कष्ट तेवढे शाळेने आपल्याकडे घेतले.

नियमांच्या बाबतीत घोलवडचे मागणे ह्याहून वेगळे नाही. वाड्या राखणारा कायदा त्याला नकोसा झालेला नाही. तो गेला तर आपली सावली जाईल, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याला हवे आहे ते एवढेच, की महिन्यातून एक दिवस कचेरीने अंगणात यावे. अर्ज तिथेच भरून घ्यावा. फळ बांधण्याचे केंद्र वाडीपासून हाकेच्या अंतरावर असावे. आणि लहानाला लावलेले माप मोठ्यालाही लावावे. गुराख्याच्या मुलासाठी शाळा कुरणात जाऊ शकली, ती ह्याच तालुक्यात. मग चिकूवाल्यासाठी कचेरीला वाडीपर्यंत यायला अशी कितीशी वाट तुडवावी लागणार आहे?