सुटे भाग आणि त्यांचे करार

‘सुटा भाग’ म्हणजे काय, हें कोल्हापुरांत कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्यांतून थोडें हिंडलें कीं एकीकडे ओतकाम, दुसरीकडे लेथ, तिसरीकडे नुसतें भोंकें पाडण्याचें काम चाललेलें दिसतें. एका कारखान्यांत ओतलेला भाग दुसऱ्यांत कातला जातो आणि तिसऱ्याच गांवीं एखाद्या यंत्रांत जाऊन बसतो. या कारागिरांनीं पुष्कळदां एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नसतें. हें साधतें तें नकाशावर लिहिलेल्या मापामुळें. भाग आंतून कसा घडवावा हें ज्याचें त्यानें पाहावें. परंतु ज्या कडेनें तो दुसऱ्या भागास भेटणार, त्या कडेचें माप उभयतांस बंधनकारक.

यंत्राच्या पोटांतील आज्ञावलीसहि हाच नियम लागू आहे, हें मला वयाच्या साठीनंतर कळलें; आणि तें कळलें एका पंपाच्या पेटीमुळें. वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं मुलें-सुना ‘एम्बेडेड’ नांवाचें कांहींतरी काम करीत असतील. तें नेमकें काय, हें विचारण्याचा संकोच मींहि पुष्कळ वर्षें बाळगला. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

जोतिबाच्या डोंगराखालीं, प्रयाग चिखलीच्या बाजूस, कुळकायद्यांतून वांचलेला आमचा दीड एकराचा तुकडा आहे. आमचे वडील बंधु अण्णा तो पाहतात. त्यांचें वय आतां 74. ऊंस आहे, नदीवर मोटर आहे, आणि शेतीची वीज आळीपाळीनें कधीं दिवसां तर कधीं रात्रीं येते. रात्रपाळीच्या आठवड्यांत अण्णा बॅटरी व काठी घेऊन मध्यरात्रीनंतर नदीकांठीं जात. विंचू-सर्पाचें भय आम्हां सर्वांस वाटे. त्यांस तें वाटत नसे, किंवा वाटत असल्यास ते बोलत नसत. वहिनी मात्र ते परत येईपर्यंत ओटीवर बसून राहात. अखेर घरांतील मुलांनीं वर्गणी करून मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारी एक पेटी आणली.

दोन वर्षें ती पेटी उत्तम चालली. पुढें नदीकांठीं तिच्या सिमकार्डाची रेंज जाऊं लागली. दुसऱ्या एका कंपनीची रेंज तेथें भरपूर होती, परंतु तिचें जाळें केवळ 4जीचें, आणि पेटींतील बिनतारी भाग 2जीचा. तेवढाच भाग बदलून मागतां उत्तर आलें कीं तसें होत नाहीं, सगळी पेटीच नवी घ्यावी लागेल. वस्तुतः तो भाग दोन बोटांनीं उपटून निघण्याजोगा होता! अडचण तारांत नव्हती, आज्ञावलींत होती. मोटर केव्हां चालवावी हा विचार आणि त्या विशिष्ट रेडिओशीं कसें बोलावें हा तपशील, दोन्ही एकाच ठिकाणीं कालवून टाकलेले होते. वरणांत पडलेलें मीठ वेगळें काढतां येत नाहीं, तशी ती गत. अण्णांनीं पुन्हां काठी उचलली.

माझा पुतण्या पुण्यास मोटारगाड्यांतील गणकयंत्रांचें काम करतो. आजच्या गाडींत अशीं लहान गणकयंत्रें कित्येक असतात. एकानें बनविलेला भाग दुसऱ्याच्या गाडींत बसावा म्हणून 2003 सालीं प्रामुख्यानें जर्मन कारखानदारांनीं ऑटोसार नांवाची एक सामाईक रचना ठरविली. पुण्याच्या केपीआयटीसारख्या कंपन्या याच व्यवहारांत आहेत. म्हणजे उद्यमनगरांतील नकाशाच म्हणावयाचा, फक्त मिलिमीटरांऐवजीं आज्ञांचा. दिवाळीच्या सुटींत मुलगा घरीं आला आणि आईची ओटीवरची बैठक पाहून त्यानें पेटी उघडली.

अशा पेटींत नखाएवढें एक गणकयंत्र असतें. त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात. विजेचे तिन्ही फेज ठीक आहेत कीं नाहींत हें पाहणें, पाण्याची पातळी मोजणें, फोनवरील निरोप घेणें आणि सर्वांची नोंद ठेवणें, हीं कामें त्या एकट्यानें करावयाचीं. कोणतें काम आधीं व कोणतें मागाहून, हें ठरविणारा कारभारी म्हणजे त्या पेटीची ऑपरेटिंग सिस्टीम. पुतण्यानें घेतली ती फ्रीआरटीओएस नांवाची. ती रिचर्ड बॅरी यांनीं 2003 च्या सुमारास लिहिली आणि कोणासहि विनामूल्य मिळते. तिचा मूळ गाभा अवघ्या तीन फायलींत मावतो. ज्या जातीच्या मायक्रोकंट्रोलरवर ती बसवावयाची, त्याच्यापुरता भाग निराळा ठेवलेला असतो. जीं अंगें नकोत, तीं एका फायलींत ‘नको’ म्हणून लिहिलीं कीं तयार आज्ञावलींत येतच नाहींत. गाभ्यास थोडे किलोबाइट पुरतात. आपल्या खिशांतील फोनवरचें एक छायाचित्रहि त्याहून कितीतरी मोठें असतें. घरचा संगणक लग्नाच्या वऱ्हाडासारखा, लागो न लागो, सगळें सामान बरोबर घेऊन निघतो. या पेटीचें गांठोडें वारकऱ्याचें.

मार्गशीर्षांत आम्ही सगळीं जोतिबास गेलों. गर्दी नव्हती. दर्शन झाल्यावर दगडी फरशीवर बसलों असतां पुतण्यानें विचारलें, “काका, हीं देवळें एकाच वेळचीं का हो?” मीं सांगितलें कीं केदारनाथाचें आजचें देऊळ राणोजी शिंद्यांनीं 1730 सालीं बांधलें, चोपडाईचें 1750 चें, आणि केदारेश्वराचें दौलतराव शिंद्यांनीं 1808 सालीं. बांधणारे निराळे, काळ निराळा. आवार एक आणि शिखरें एकमेकांस शोभणारीं. तो म्हणाला, “आधींच्या देवळाचा दगड न हलवतां पुढचें उभें राहिलें, हेंच आमच्या धंद्यांत फार थोड्यांस जमतें.” मला हें कौतुक आवडलें, तथापि सगळीच स्तुति मान्य करण्याचा माझा स्वभाव नाहीं. मीं विचारलें, “मग सगळें सुटें केलें कीं काम भागलें म्हणावयाचें?”

“मुळींच नाहीं,” तो म्हणाला, आणि त्यानें एरियान अग्निबाणाची हकीकत सांगितली. 4 जून 1996 रोजीं युरोपचा एरियान-5 हा नवा अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें 40 सेकंदांत आकाशांतच फुटला. त्यांतील दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली जुन्या एरियान-4 मधून उचललेली होती. तेथें ती वर्षानुवर्षें बिनचूक चालली होती. नवा अग्निबाण अधिक वेगानें आडवा सरकत होता. तो वेग दर्शविणारा मोठा आंकडा 16 बिटांच्या लहान मापांत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. जोडीस ठेवलेली दुसरी यंत्रणा होती, पण तिच्यांतहि तीच आज्ञावली! भाग सुटा होता, चांगला होता, पारखलेलाहि होता. परंतु ‘वेग इतक्याच्या आंत असेल’ ही जुन्या घरची समजूत नव्या घरांत खरी उरली नव्हती, आणि ती तेथें कोणीं तपासून पाहिली नाहीं. मुलगी चांगली आणि सासरहि चांगलें, तरी तिकडचा शिरस्ता कोणीं सांगितलाच नाहीं म्हणजे काय होतें, हें वहिनींनीं तेथल्या तेथें बोलून दाखविलें. पुतण्या हंसला, पण हें त्यानें मनांत ठेवलें असावें.

दुसरी गोष्ट मंगळावरची. 4 जुलै 1997 रोजीं अमेरिकेचें पाथफाइंडर यान मंगळावर उतरलें आणि थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधून मधून आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागला. याचें कारण समजण्यास जोतिबाची चैत्र यात्राच बरी. सासनकाठ्यांचा मान ठरलेला असतो. पहिला मान सातारा जिल्ह्यांतील पाडळीच्या काठीचा. आतां समजा, अरुंद वाटेंत एखादी लहान मानाची काठी आधींच शिरली आहे आणि पहिल्या मानाची मागें खोळंबली आहे. लहानी पुढें सरकली तर मोठीस वाट मिळेल. परंतु मधल्या मानाच्या काठ्या ‘आमचा मान तुझ्याहून मोठा’ म्हणून लहानीलाच अडवून धरतात. परिणाम असा कीं सर्वांत मोठा मान सर्वांत मागें. पाथफाइंडरवर हवामानाची नोंद घेणारें लहान काम असेंच एक सामाईक कुलूप धरून बसे, आणि त्या कुलपासाठीं अत्यंत महत्त्वाचें काम ताटकळे. उपाय साधा आहे: लहान काठी वाटेंतून बाहेर पडेपर्यंत तिला तेवढ्यापुरता मोठ्या काठीचा मान द्यावयाचा. व्हीएक्सवर्क्स या त्या यानाच्या ऑपरेटिंग सिस्टीमींत ही सोय होतीच. त्या एका कुलपापुरती ती बंद ठेवलेली होती. अभियंत्यांनीं पृथ्वीवरून आज्ञा धाडून ती चालू केली आणि यान सुधारलें.

डोंगर उतरून आल्यावर पुतण्यानें पेटीचें काम पुन्हां हातीं घेतलें; पण आधीं त्यानें चार कागद लिहिले, एका भागास एक. प्रत्येक भाग काय घेईल, काय देईल, किती वेळांत देईल, आणि कोणती गोष्ट गृहीत धरील. रेडिओचा कागद सर्वांत लहान: ‘निरोप आला’ आणि ‘निरोप गेला’ याखेरीज इतरांस त्याचें कांहींहि कळतां कामा नये, 2जी कीं 4जी, हें त्याच्या घरचें. पातळी मोजणाऱ्या भागाच्या कागदावरील एक ओळ मला विशेष मोलाची वाटली. मोजमाप न मिळाल्यास त्यानें ‘शून्य’ म्हणावयाचें नाहीं, ‘ठाऊक नाहीं’ म्हणावयाचें. पाणी नसणें आणि पाण्याची बातमी नसणें या दोन गोष्टी एक समजल्यामुळें माणसांच्या व्यवहारांतहि किती घोंटाळे होतात! वहिनींनीं चारहि कागद चष्मा लावून वाचले आणि विचारलें, “मोटर आपोआप बंद पडली, तर तें कोण कोणास कळविणार?” कोणत्याच कागदावर तें नव्हतें. चारहि भाग आपापल्या परीनें निर्दोष होते, आणि अण्णा मात्र मोटर चालू आहे या समजुतींत निजले असते. पांचवा कागद लिहावा लागला.

मोटरीवर भार वाढल्यास ती तोडणारा जुना रिले मात्र त्यानें काढला नाहीं. शेवटचा पहारा आज्ञावलीवर सोंपवूं नये, असें त्याचें मत. मला तें पटतें.

2019 च्या महापुरांत आमची मोटर आणि जुना स्टार्टर दोन्हीं बुडालीं होतीं. त्या आठवणीनें अण्णांनीं पुराची सूचना देणारा भाग मागितला. तो एका रविवारीं जोडला गेला. उरलेल्या भागांतील एक ओळहि बदलली नाहीं. तेव्हां कोठें अण्णांचा या विद्येवर थोडा विश्वास बसला. तरी रात्रपाळीच्या पहिल्या आठवड्यांत ते दोनदां नदीवर जाऊन, मोटर खरोखर चालू आहे ना, हें पाहून आले. हल्लीं ओटीवरूनच फोन लावतात आणि निजतात. परवां त्यांनीं नवीनच मागणी केली आहे: निरोप अक्षरांत नको, चष्मा शोधावा लागतो, पेटीनें मराठींत बोलून सांगावें. आवाज साठविण्यास जागा फार लागते. सध्यां मायक्रोकंट्रोलरमध्यें किती किलोबाइट शिल्लक आहेत, याचा हिशेब पुतण्या पुण्याहून मांडीत आहे.