धरणे आणि सोडणे

आगगाडी, आगबोट, विमान इत्यादी थोर यंत्रांचे पोवाडे पुष्कळांनी गायिले आहेत. परंतु घराच्या कोपऱ्यात राहून निमूटपणे आपले काम करणाऱ्या दोन पट्ट्यांविषयी कोणी चार शब्द लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. एक पट्टी दोन धातूंची, दुसरी लोहचुंबकाची. पहिली इस्त्रीच्या पोटात असते, दुसरी फ्रिजच्या दाराच्या कडेने फिरलेली असते. आम्ही काही पदार्थविज्ञानाचे अध्यापक नाही. आमचा व्यवसाय इंग्रजी काव्य शिकविण्याचा. तथापि कोणतीही वस्तू धरावी कशी आणि सोडावी केव्हा, हा प्रश्न काव्याइतकाच या पट्ट्यांनीही सोडविला आहे, असे आम्हांस वाटू लागले आहे.

प्रथम पहिलीचा विचार करू. पितळ आणि पोलाद यांचे स्वभाव भिन्न. एक मीटर लांबीची पितळी कांब शंभर अंश सेल्सिअसने तापविली, तर ती सुमारे 1.9 मिलिमीटर वाढते. तेवढीच पोलादी कांब सुमारे 1.2 मिलिमीटर. दोघी वेगवेगळ्या ठेवल्या, तर हा फरक कोणाच्या लक्षातही यावयाचा नाही. परंतु दोहोंच्या पातळ पट्ट्या एकमेकींस जन्माच्या जखडून टाकल्या, की जास्त वाढणारीस एकटीने पुढे जाता येत नाही आणि कमी वाढणारीस मागे राहता येत नाही. मग दोघी मिळून वाकतात. आजच्या पट्ट्यांत पितळेऐवजी निराळे मिश्रधातूही घालतात. पण तत्त्व तेच. इस्त्री ठरल्यापेक्षा अधिक तापू लागली, की पट्टी वाकते, ‘टक्’ असा बारीक आवाज होतो, आणि विजेची वाट तुटते. इस्त्री निवली, की पट्टी मुकाट्याने सरळ होते आणि वाट पुन्हा जुळते. पूर्वी घरोघर विजेच्या पाटीवर फ्यूजची तार असे. तीही घर वाचवी. पण स्वतः जळून जाई, आणि मग अंधारात दुसरी तार शोधावी लागे. तिचा त्याग थोर खरा; परंतु रोजच्या संसारास जळणाऱ्यापेक्षा वाकणारा अधिक उपयोगी पडतो.

ही युक्ती जॉन हॅरिसन नावाच्या एका इंग्रज सुताराची. भर समुद्रात रेखांश काढण्यास अचूक घड्याळ हवे, आणि उन्हाळी प्रदेशात गेले की घड्याळाची कमान मऊ पडून त्याची चाल मंदावे. या प्रश्नाच्या उत्तरासाठी ब्रिटिश पार्लमेंटने 1714 साली वीस हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावले होते. हॅरिसनने आपल्या तिसऱ्या घड्याळावर एकोणीस वर्षे खर्च केली. त्यातच त्याने पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र ठोकून उष्णतेचा परिणाम आपोआप सुधारण्याची सोय केली. ते घड्याळ काही त्यास यश देणारे ठरले नाही. यश आले ते 1759 साली पुऱ्या झालेल्या चौथ्या, हातात मावणाऱ्या घड्याळाने. पण एकोणीस वर्षांच्या त्या खटाटोपातली पट्टी मात्र आज आमच्या घरी कपड्यांच्या घड्या नीट बसाव्यात म्हणून राबते आहे.

दुसऱ्या पट्टीची कथा अशी गोड नाही. जुन्या फ्रिजला बाहेरून लागणारी भक्कम खिट्टी असे. अमेरिकेत टाकून दिलेल्या अशा कपाटांत लपंडाव खेळताना मुले शिरत, दार लागे, आतून ते उघडत नसे, आणि आतला आवाज बाहेर येत नसे. अशी मुले गुदमरून मेली, तेव्हा कोठे 1956 साली तेथे कायदा झाला, की दार आतूनही उघडता आले पाहिजे. मग खिट्टी गेली, आणि दाराच्या रबरी कडेत चुंबकाची लवचिक पट्टी आली. तीही दार घट्ट धरते, थंडी बाहेर जाऊ देत नाही. परंतु आतून लेकराने जोर केला तर सोडते.

हे वाचले तेव्हा आम्हांस आमच्या आत्याबाईंची आठवण झाली. त्या ज्या घरी दिल्या, त्या घराचे दार आतून उघडणारे नव्हते. वर्षातून दोन पत्रे येत. दोहोंत ‘सर्व क्षेम’ एवढेच असे. ते क्षेम कसे होते, हे त्या गेल्यानंतर त्यांच्या शेजारणीने सांगितले. घर मोडले नाही, म्हणून आमच्या वडीलमंडळींस समाधान होते. खिट्टी भक्कम होती, इतकाच त्याचा अर्थ.

गेल्या वर्षी आमची धाकटी कन्या नोकरीसाठी परगावी जावयास निघाली. आमच्या सौभाग्यवती लवकर तापणाऱ्या, आम्ही सावकाश. आठ दिवस घरात पुष्कळ ऊब होती. एकटी मुलगी, अनोळखी शहर, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तिचे वय आणि तिची हुशारी, हे आमचेही खोटे नव्हते. अखेर दोघांनाही थोडे थोडे वाकावे लागले, आणि मुलगी गेली. जाताना आईने तिच्या हाती घराची एक किल्ली दिली, आणि ‘केव्हाही ये’ एवढेच म्हटले. ‘केव्हा येशील’ असे विचारले नाही.

दर रविवारी तिचा दूरध्वनी येतो. तीही ‘सर्व ठीक आहे’ असेच म्हणते. पण मग पाऊण तास काय काय ठीक नाही ते सविस्तर सांगते, आणि आम्ही दोघे शेजारी बसून ते मोठ्या आनंदाने ऐकतो.