सहलीचं प्रकरण

माझ्या कादंबरीत सहल ठरलेलीच असे. सहाव्या-सातव्या प्रकरणात नायक-नायिका महाबळेश्वरला नाहीतर पन्हाळ्याला निघत, बाकीची मंडळी पुढं जात, ही दोघं मागं राहत, पाऊस गाठी, आणि डाकबंगल्याचा म्हातारा खानसामा चहाची किटली ठेवून शहाण्यासारखा नाहीसा होई. पुढं काय होणार ते वाचकाला माहीत असे, म्हणूनच तो वाचे. भाड्यानं पुस्तकं देणारा एक दुकानदार मला म्हणाला होता, ‘ताई, तुमच्या पुस्तकाची सहलीचीच पानं आधी सुटतात.’ कुठल्याही पुरस्कारापेक्षा मला ते मोठं वाटलं. पुरस्कार कधी मिळाला नव्हता, हेही खरं.

हे सगळं मी लिहायचे जळगावात बसून. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, खिडकीला वाळ्याचा पडदा, कूलरची घरघर आणि कागदावर धुकं. भूमिका पक्की होती. प्रेमाला एकांत लागतो, एकांताला देखणा निसर्ग लागतो, आणि या दोहोंच्या वर विरह लागतो. विरहाशिवाय प्रेमाला उंची नाही. आमच्या खानदेशात काय, तर केळी, कपाशी आणि ऊन. इथल्या नायिकेला प्रेमात पाडायचं तर आधी तिचं रेल्वेचं तिकीट काढावं लागे. ना. सी. फडक्यांचं ‘प्रतिभासाधन’ मी कॉलेजात असताना वाचलं होतं. १९३१ सालचं ते पुस्तक. त्यातून मी माझ्या सोयीचं तेवढं उचललं, की वातावरणानं भावनेची चाकरी करायची.

आज यातलं काहीच मला तसं वाटत नाही. विरहाचं तर मुळीच नाही. कुणाचं व्याख्यान ऐकून किंवा समीक्षा वाचून हे झालेलं नाही. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि सकाळी उठून डबा घेऊन कुठंतरी जायची आम्हाला सवय लागली, एवढंच निमित्त.

सुरुवात हतनूरपासून झाली. तापीवरच्या या धरणाच्या पाण्याकडं ह्यांनी नोकरीभर दशलक्ष घनमीटर म्हणून पाहिलं होतं. आता त्याच पाण्यावर दुर्बीण रोखून बसायचं. हिवाळ्यात तिथं चक्रवाक येतात, नारिंगी-तपकिरी अंगाची, फिकट डोक्याची देखणी बदकं, पार लडाख-तिबेटकडून. चक्रवाकाची जोडी रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारते, हा संस्कृत काव्यातला जुना संकेत. मी तो निदान चार कादंबऱ्यांत वापरला असेल. मी ह्यांना तो रंगवून सांगितला. ह्यांनी दुर्बीण खाली न घेता उत्तर दिलं, ‘अगं, ती दिवसा पाण्याकाठी पडून असतात आणि रात्री चरायला पांगतात. ओरडतात ते कुठं आहेस म्हणून.’ मला राग आला. घरी येऊन पुस्तकं चाळली, तर त्यांचं बरंचसं चरणं रात्रीचं असतं हे खरं निघालं. मग तो ‘कुठं आहेस’ माझ्या डोक्यातून जाईना. दोन हजार वर्षं कवींनी ज्याला विरह म्हटलं, तो कदाचित जेवणाच्या वेळचा संसार होता.

त्यानंतर सातपुड्यात पाल. सावदा-खिरोद्यावरून घाट चढून गेलं की यावल अभयारण्याचं जंगल लागतं. आम्ही गेलो तेव्हा पानगळ संपत आली होती, सागाची झाडं नुसती काठ्या होऊन उभी. माझ्या जुन्या हिशेबानं हे जंगल फुकट, कारण ना धुकं, ना धबधबा. बरोबरचा वाटाड्या पोरगा एकदम थांबला. ‘आवाज नका करू. तो पाहा, शेंड्यावर बसून राहिला.’ भर दुपारी, उघड्या फांदीवर, साळुंकीएवढं एक गोळामोळा घुबड बसलं होतं. डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, पाय पिसांनी भरलेले, नखं अंगाच्या मानानं दांडगी. शेपटी एकदा इकडं झटकली, एकदा तिकडं. हा रानपिंगळा.

याची कथा कुठल्याही कादंबरीला भारी आहे. ह्यूमनं १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या साहेबानं १८८० नंतरच्या चार वर्षांत शहादा-तळोद्याकडून त्याचे काही नमुने गोळा केले. मग पक्षी गडपच झाला. १९१४ ची एकच नोंद होती, गुजरातेतल्या मांडवीची, कर्नल माइनरत्सहागेन या बड्या पक्षितज्ज्ञाची. शोधणारे त्या नोंदीच्या मागं लागत आणि हात हलवत परत येत. पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं, की कर्नलसाहेबांनी संग्रहालयातलाच एक जुना नमुना लांबवून त्याला खोटी चिठ्ठी डकवली होती. ती नोंद बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट जुन्या खऱ्या जागी गेले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा बसलेला सापडला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. शंभरावर वर्षं जो हरवला म्हणत होते, तो खानदेशातच होता. आणि मी नायिकेला तिकीट काढून महाबळेश्वरला पाठवत होते.

रानपिंगळ्याचा नर घरट्यातल्या मादीला भक्ष्य आणून देतो, हे ऐकून मी लगेच वही काढली. तेवढ्यात वाचनात आलं, की तोरणमाळच्या जंगलात इश्तियाक आणि रहमानी यांनी केलेल्या अभ्यासात याच पक्ष्यानं आपली पिल्लं खाल्ल्याचीही नोंद आहे. वही मिटली. पूर्वी मी पहिली गोष्ट घेतली असती आणि दुसरी सोडून दिली असती. आता ते जमत नाही. पाखरू माझ्या नायिकेसाठी बसलेलं नसतं, आणि हे एकदा कळलं की नायिकेच्या शेजारी ते जास्त खरं दिसतं, तिला बिचारीला काही सुचवायला न जाता.

पण माझं मन खऱ्या अर्थानं फिरलं ते चाळीसगावात.

केकी मूस यांचं घर स्टेशनाजवळच आहे. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस, विलायतेत कलाशिक्षण घेऊन आलेला, चाळीसगावच्या दगडी बंगल्यात राहिला तो जवळजवळ बाहेर पडलाच नाही. दशकं गेली. गोष्ट सगळ्या खानदेशाला पाठ आहे: निलोफर नावाच्या मुलीनं मुंबईच्या स्टेशनावर शब्द दिला होता, एक दिवस पंजाब मेलनं येईन आणि तुझ्याबरोबर जेवीन. म्हणून मूस रोज रात्री मेलच्या वेळेला दारं-खिडक्या उघडायचे, दिवे लावायचे, दोन माणसांचं जेवण मांडायचे. गाडी गेली की सगळं बंद. ३१ डिसेंबर १९८९ ला वारले तोवर हे चाललं, असं सांगतात. गंमत म्हणजे पंजाब मेलही १९१२ च्याच जूनमध्ये सुरू झालेली. गाडी आणि माणूस एकाच सालचे.

तरुणपणी मी त्या घरात पहिल्यांदा गेले तेव्हा मला दारं-खिडक्यांखेरीज काही दिसलं नव्हतं. उंबऱ्यात उभं राहून डोळे भरून आले होते. एवढी वाट पाहणारा माणूस! माझ्या सगळ्या नायकांत थोडा थोडा केकी मूस आहे. कुणी बोटीची वाट पाहतो, कुणी पत्राची, एक तर ट्रंक कॉलची.

अलीकडं भाचा-सून, त्यांची मुलं आणि आमचे हे अशी वरात घेऊन गेले. पाटणादेवीचं दर्शन, गौताळ्याच्या पायथ्याशी डबा आणि परतताना मूस यांचं घर, असा बेत होता. गोष्ट ऐकून ह्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, ‘ते दुसरं ताट मग सकाळी कोण उचलायचं?’

सून हसली. मी नाही हसले. विरहाच्या कादंबरीत ताट मांडायचं प्रकरण असतं, उचलायचं नसतं. निलोफरच्या वाट्याला त्या कथेत आगगाडीएवढंसुद्धा काम नाही. गाडी निदान रोज येत होती. ती कशी बोलायची, तिला जेवणात काय आवडायचं, भांडायची की नाही, मला काही सांगता येईना. आणि मी तिला जगातली थोर प्रेयसी मानत आले होते.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच भिंतीवरची छायाचित्रं नीट पाहिली. टेबलावर किरकोळ वस्तू मांडून, प्रकाश खेळवून मूस यांनी बर्फाळ रात्री उभ्या केल्या, डोंगर केले, वाटा केल्या. खोलीबाहेर न जाता खोलीत निसर्ग. त्यांच्या चेटकिणीच्या छायाचित्रानं तर चाळीसगावचं नाव बाहेर नेलं. शेकड्यांनी पारितोषिकं मिळवलेला हा माणूस रात्री घटकाभर वाट पाहत असेल, पण उरलेला दिवस तो राबत होता. आणि ते राबणं सोडून आम्ही सगळ्यांनी ती घटकाच तेवढी जपली, कारण आम्हाला ती हवी होती. मला तर धंद्यालाच हवी होती.

अजिंठ्याचंही तेच झालं. मेजर रॉबर्ट गिल आणि पारो यांच्यावर कादंबरी लिहायचं माझ्या मनात फार होतं. महानोरांचं ‘अजिंठा’ आहे, त्यावर सिनेमा आहे, मग माझी कादंबरी का नको? अजिंठा गावात पारोची कबर आहे, मृत्यूची तारीख २३ मे १८५६. गिलची कबर आमच्या भुसावळात. तो १८७९ मध्ये गेला. दोन कबरींमधलं अंतर हेच माझं शेवटचं प्रकरण होणार होतं. आराखडा कपाटात आहे, तिथंच राहील. लिहावंसं वाटतं ते मधल्या वर्षांबद्दल. लेण्यांत वर्षानुवर्षं भिंतीवरचं चित्र कापडावर उतरवत बसलेला गोरा माणूस, आणि त्याच्याभोवती रोज काय चाललं असेल ते. ती चित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये बहुतेक सगळी जळाली. पण त्या रोजच्या गोष्टींची नोंद नाही, आणि पारोच्या तोंडी माझी वाक्यं घालायला हात धजत नाही.

मग प्रेमकथा लिहायची कशाची? हा प्रश्न मला आमच्या व. वा. वाचनालयातल्या एका जुन्या वाचक मैत्रिणीनं विचारला, जरा रागानंच. तिला मी भरीत पार्टीचं सांगितलं.

थंडीत यावल तालुक्यातल्या नातेवाइकांच्या मळ्यात भरीत होतं. बामणोदकडची पांढुरकी-हिरवी, हाताएवढाली वांगी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आता भौगोलिक मानांकन आहे, पण त्याआधीही ते कुणाला सांगायची गरज नव्हती. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी लोटायची, साल काळी पडून फुटली की बाहेर ओढायची. मग बाया गोल करून सोलायला बसतात. वांगं गार झालं की साल चिकटते, म्हणून ते कढतच सोलावं लागतं, बोटं पोळतात. सोललेलं बडगीत टाकून हिरवी मिरची, लसणाबरोबर ठेचतात, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. बरोबर कळण्याच्या पुऱ्या. चाळीसेक माणसं, पोरांचा दंगा, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी.

तिथं माझी एक मावसजाऊ सोलत बसली होती. तिचा नवरा जाळाशी उभा, भावकीशी केळीच्या भावावरून हुज्जत घालत होता, चांगली आवाज चढवून. हुज्जत न थांबवता, तिच्याकडं न बघता, त्यानं पायानं पाण्याचं भगुलं तिच्या हाताजवळ सरकवलं. तिनंही न बघता त्यात बोटं बुडवली आणि पुढचं वांगं घेतलं. थोड्या वेळानं पाणी कोमट झालं असणार, कारण त्यानं ते ओतून नवीन आणून ठेवलं. भाव अजून ठरला नव्हता.

मैत्रीण म्हणाली, ‘हे काय प्रेम? ही तर सवय.’ तिचं म्हणणं मी अजून खोडून काढू शकलेले नाही. मात्र डाकबंगल्यात पाऊस पडतोय म्हणून जवळ येणाऱ्या दोघांपेक्षा ही सवय लिहायला कठीण आहे, एवढं मला कळलंय. पहिल्यात पाऊसच सगळं काम करतो.

पाऊस मात्र मी सोडलेला नाही. पहिल्या सरींनंतर मनुदेवीच्या कड्यावरून पाणी कोसळायला लागतं, तेव्हा जुनी लेखिका जागी होते, आणि तिला मी एखाद-दुसरा परिच्छेद देऊन टाकते. विरहही अजून खपतो. माझी नवी पुस्तकं जुन्यांइतकी जात नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही.

यंदा दिवाळी अंकासाठी दिलेल्या कथेत सगळं कुटुंब भाड्याची गाडी करून पालला जातं. स्थळ लग्नाचं, मुलगा-मुलगी दोघंही गाडीत, आणि दोघांच्या आयाही. संपादकांचा फोन आला. ‘ताई, कथा चांगली आहे, पण त्या दोघांना घटकाभर एकटं सोडा की.’

मी म्हटलं, ‘सोडलंय ना. डब्याच्या वेळेला पाणी आणायला पाठवलंय.’

‘पण तिथं काहीच घडत नाही हो.’

‘नीट वाचा,’ मी म्हटलं. ‘हापसा आहे तिथला, जड. एकानं हापसायचं आणि एकानं कळशी धरायची. आणि कळशी तो धरतो.’