महागातलं ऑइल

बाइकला महागातलं ऑइल पाजलं की ती खूश, असा माझा साधासरळ फंडा होता. त्यामुळे दिवाळीत पुण्याहून शहाद्याला घरी गेलो, तेव्हा कारसाठी आणलेलं आणि उरलेलं फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-३० मी कॉलेजच्या दिवसांतल्या बाइकमध्ये बिनधास्त ओतलं. 

दुसऱ्या दिवशी बाबांना मागे बसवून तोरणमाळ. तरुणपणी ते तिकडच्या आश्रमशाळेत शिकवायचे. रिटायर झाल्यापासून यशवंत तलाव पुन्हा बघायचा म्हणून मागे लागले होते.

सातपुड्याचा घाट लागला आणि गाडीचं बिनसलं. रेस दिली की इंजिन नुसतं ओरडतंय, स्पीड ढिम्म! एका वळणावर तर गाडी दोघांना ओढेचना. बाबा काही न बोलता उतरले आणि गुडघ्याला बेल्ट लावलेल्या पायाने चढ चढू लागले. मी पुढच्या वळणावर थांबून त्यांना येताना बघायचो. जाम लाज वाटली. शेवटी तेच म्हणाले, "चल, परत फिरू."

शहाद्यातल्या मेकॅनिकने ऑइलचा कॅन मागवला, लेबल बघितलं आणि हसला. "भाऊ, हे कारचं ना?"

कारचा क्लच बहुतेक वेळा कोरडा, इंजिनपासून वेगळा. आपल्या बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच, तिघांना एकच ऑइल. क्लचप्लेट त्यातच बुडालेल्या, आणि एकमेकींना धरून ठेवायला त्यांना घर्षण हवंच. कारच्या बऱ्याच पातळ ऑइलमध्ये मायलेजसाठी नेमकं तेच कमी करणारी रसायनं असतात. म्हणून बाइकसाठी कॅनवर 'जासो एमए' किंवा 'एमए२' शोधायचं. 'एमबी' असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचं. आणि ग्रेड? पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो (डब्ल्यू म्हणजे विंटर), दुसरा तापल्यावर किती दाट राहतं ते. माझ्या मॅन्युअलमध्ये २०डब्ल्यू-५० स्वच्छ छापलं होतं. मॅन्युअल अर्थातच प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आलं नव्हतं!

मेकॅनिकने योग्य ऑइल भरलं, थोडे दिवस चालवून पुन्हा बदलायला लावलं. नशीब, प्लेट वाचल्या. बाबांचं वेगळंच. "आम्ही राजदूतच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचो. एवढं डोकं कुठे लागायचं?"

पुढच्या सुट्टीत तोरणमाळला निघायच्या आदल्या रात्री त्यांनी चष्मा लावून नवा कॅन उजेडात धरला. "एमए लिहिलंय रे," म्हणाले, आणि गुडघ्याचा बेल्ट पिशवीत टाकला.