फाटक्या तिकिटाच्या शोधात

वानखेडेवरून मॅच बघून परत येताना लोक काय काय घेऊन येतात! बसलेला घसा, गालावर ओघळलेला तिरंगा, मोबाइलमध्ये दोनशे धूसर फोटो. तिकीट मात्र जीन्सच्या मागच्या खिशात राहतं आणि दोन दिवसांनी वॉशिंग मशीनमधून त्याचा लगदा निघतो. तुमचंही असंच झालंय ना? मग माझ्या मामासमोर हे बोलू नका. तो तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाही.

मामा तिकिटं जमवतो. बॅट नाही, ऑटोग्राफ नाही, जर्सी नाही. २०११ च्या फायनलमध्ये धोनीने ज्या बॅटने शेवटचा सिक्सर मारला, ती त्याच वर्षी लंडनच्या लिलावात एक लाख पौंडांना गेली. तेव्हा मामाचा प्रश्न एकच होता, "बॅटने धोनी खेळला, हे मान्य. विकत घेणारा त्या दिवशी कुठे होता?" तिकीट म्हणजे तिथे बसलेल्या माणसाची वस्तू, हा त्याचा फंडा. वानखेडे सुरू झाल्यापासून मुंबईत झालेल्या प्रत्येक टेस्ट आणि वन-डेचं एक तिकीट, असा त्याचा अल्बम आहे. प्रत्येक मॅच त्याने स्वतः पाहिलेली नाही. जिथे गेला नाही तिथलं तिकीट कोणाकडून तरी मागून, बदलून, कधी विकत घेऊन आणलंय. पन्नास वर्षांत फक्त दोन कप्पे रिकामे राहिले.

पहिला, २३ जानेवारी १९७५ ला सुरू झालेली वेस्ट इंडीजची टेस्ट, म्हणजे वानखेडेवरची पहिलीवहिली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ ठोकले. त्याची डबल सेंच्युरी झाल्यावर हात मिळवायला धावत गेलेल्या एका पोराला पोलिसांनी बदडलं, पब्लिक भडकलं आणि खेळ थांबला. आता गंमत ऐका. हे स्टेडियमच मुळात तिकिटांच्या भांडणातून उभं राहिलंय. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, मॅच भरवणार मुंबईची असोसिएशन. कोणाच्या वाट्याला किती सीटा, यावरून दोघांचं फाटलं आणि ब्रेबॉर्नपासून चालत दहा मिनिटांवर, चर्चगेटच्या रुळांना चिकटून दुसरं स्टेडियम आलं.

दुसरा रिकामा कप्पा मामाला जास्त टोचतो, कारण त्या मॅचला तो स्वतः होता. फेब्रुवारी १९८०, भारतीय क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवाची टेस्ट, समोर इंग्लंड. या मॅचचा रेस्ट डे पहिल्याच दिवसानंतर होता, कारण १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं! मुंबई दारं-खिडक्या लावून घरात बसली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मामा शर्टाच्या खिशात तिकीट घालून गेला आणि इयन बोथमची सेंच्युरी बघून आला. सोमवारी आजीने तो शर्ट साबणाच्या पाण्यात भिजत घातला. (वॉशिंग मशीनवर मामा एवढा का चिडतो, ते आता कळलं असेल.)

गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि मामा-मामी तात्पुरते डोंबिवलीला आले. त्यात मामाच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. फ्रीलान्स पत्रकार असल्याने मी दिवसभर रिकामीच असते अशी घरच्यांची ठाम समजूत आहे. "तू फक्त बघ आणि फोटो पाठव. पारख मी करीन," मामा म्हणाला. झालं!

शुक्रवारी पहाटे साडेपाचला भेंडी बाजार. चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्या दिवशी रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर खरेदी चालते. मिक्सरची मोटर, एका पायाचे बूट, कोणाच्या तरी लग्नाचा अख्खा अल्बम, कंपनीच्या लोगोची ट्रॉफी. क्रिकेटच्या नावाने एकाने पिवळ्या पडलेल्या तिकिटांची चळत काढली. "मॅडम, एटी-थ्री वर्ल्ड कप का ओरिजिनल है." लॉर्ड्सचं तिकीट, मटण स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, आणि तेही एकसारखे सहा पीस! मी फोटो पाठवला. मामाचं उत्तर चार सेकंदांत आलं : "चहा."

म्हणजे चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद. मामाची परीक्षा साधी आहे. खरा जुना कागद कडेने जास्त काळवंडतो, मध्ये कमी. चहातून निघालेला सगळीकडे सारखा तपकिरी. दुसरं, तिकीट उलटं करून बोट फिरवायचं. जुन्या छपाईत टाइप कागदात दाबला जायचा, नंबर मारायचं मशीन तर जवळजवळ रुतायचं. त्याचा उठाव मागच्या बाजूला बोटाला लागतो. कलर झेरॉक्स मागून गुळगुळीत. तिसरं म्हणजे टाचणी. खऱ्या तिकिटाला कुठेतरी गंजाचा डाग असतोच, कारण तेव्हा माणसं सगळं टाचणीने टोचून ठेवायची. जुम्मा बाजारातून दोन तासांनी मी एक जुना क्रिकेट अंक आणि कीमा-पाव एवढंच कमावून निघाले.

फाउंटनला तर पोटात गलबललं. कॉलेजात असताना सीनियर्स सांगायचे तो पुस्तकांचा फूटपाथ, रांगच्या रांग, २००५ मध्ये महापालिकेने उठवला. नंतर त्यातले थोडे परतले. 'स्पोर्ट्सवीक'चे अंक किंवा संदीप पाटील संपादक असतानाचा 'एकच षटकार' विचारला, तर विक्रेते आधी हसतात आणि मग विचारतात, "किसके लिए चाहिए?" त्यातल्याच एकाने फोर्टमधल्या नाणी-स्टँपवाल्याचा पत्ता दिला.

हा डीलर एकदम टापटीप. एसी ऑफिस, चिमटा, भिंग. आणि त्याच्याकडे खरंच होतं! भारत-इंग्लंड, सुवर्णमहोत्सवी टेस्ट, एक कुपन. कोरं, सुरेख, कुठे दुमड नाही, टाचणीचं छिद्र नाही. मागच्या बाजूला बोट फिरवलं, नंबर हाताला लागला. भाव साडेचार हजार. "मिंट कंडिशन" हे शब्द त्याने तीनदा उच्चारले. मी थरथरत्या हाताने मामाला फोटो पाठवला आणि आता आनंदाश्रू वगैरे येणार म्हणून वाट बघत बसले.

फोन आला. "दिवस कुठला लिहिलाय?"

"पाचवा."

"नको."

त्याचं म्हणणं असं. तेव्हा टेस्टचं सीझन तिकीट असायचं, त्याला दिवसागणिक कुपनं. गेटवरचा माणूस त्या दिवसाचं अर्धं फाडून घ्यायचा, अर्धं तुमच्याकडे. बोथमने मॅचमध्ये तेरा विकेट काढल्या, वर ११४ रन, आणि इंग्लंडने खेळाच्या चौथ्याच दिवशी दहा विकेटने मॅच संपवली. पाचवा दिवस झालाच नाही. म्हणूनच ते कुपन इतकं देखणं राहिलंय. "त्या कागदाने काही बघितलेलं नाही गं," मामा म्हणाला. "ज्या दिवशी कोणी गेलंच नाही, त्याचं तिकीट घेऊन मी काय करू?"

बाजाराचं गणित नेमकं उलटं चालतं. न फाटलेलं तिकीट महाग, फाटलेलं स्वस्त. म्हणजे जो मॅचला गेलाच नाही, त्याच्या आळसाला भाव! डीलरला हे सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे सेंटिमेंट झालं. कलेक्शन वेगळं." तो चुकला असं नाही म्हणणार मी. पुण्यात सहकारनगरला 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' म्युझियम आहे, २०१२ मध्ये सचिनच्या हस्ते सुरू झालेलं. तिथल्या काचेआडच्या बॅटी बघताना माझ्याही अंगावर काटा आला होता. पण तिथे बॅटीवर खेळणाऱ्याचं नाव असतं. बघणाऱ्याचं नाव लावायला कुठलंच म्युझियम नाही.

धोबी तलावला मेट्रोजवळची स्पोर्ट्सची दुकानं मी खरं तर पायांना विश्रांती म्हणून पालथी घातली. एका दुकानात स्टंपांना लोखंडी टोकं ठोकत बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराने माझी कर्मकथा ऐकली आणि सहज म्हणाला, "शिवाजी पार्कला एक जुने विकेटकीपर आहेत, कांगा लीग खेळायचे. ग्लोव्ह्ज शिवायला यायचे माझ्याकडे. तो माणूस साधी दोरीसुद्धा टाकत नाही."

हे काका आता ब्याऐंशीचे. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी, पावसात कांगा लीगच्या ओल्या बॉलने दिलेली. मामाला टॅक्सीने घेऊन गेले. काकांनी लोखंडी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून पाकीट, त्यातून अर्धं फाडलेलं, टाचणीच्या गंजाचं कुपन. १७ फेब्रुवारी १९८०. मामाचाच रविवार!

मामा बोथमबद्दल सुरू झाला. काकांनी हात वर केला. "बोथम बोथम काय करतोस? बॉब टेलर! दहा कॅच घेतले त्या मॅचमध्ये, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. आणि त्या रविवारी अंपायरने त्याला आउट दिला होता, विशीने परत बोलावला." मग त्यांची तासभर जुंपली. कॅप्टन विश्वनाथने टेलरला परत बोलावलं नसतं, तर बोथमबरोबर १७१ ची पार्टनरशिप झाली असती का? मामाच्या मते तो मोठेपणा महागात पडला, काकांच्या मते क्रिकेट म्हणजे तेवढंच. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या मॅचवर एवढे तावातावाने भांडणारे दोन म्हातारे मी याआधी पाहिले नव्हते.

काका विकायला तयार नव्हते. बदल्यात एकच हवं होतं : ५ नोव्हेंबर १९८७, वर्ल्ड कपची सेमीफायनल. "सुनीलची शेवटची मॅच. मी ऑफिसात ऑडिटला बसलो होतो."

"पण तुम्ही नव्हतात ना तिथे?" मामा.

"तू तरी पंचाहत्तरला कुठे होतास?"

मामाकडे याला उत्तर नव्हतं. त्याने निमूटपणे चहा संपवला.

सत्त्याऐंशीची तिकिटं अल्बममध्ये दोन आहेत, एक मामाचं, एक मामीचं. त्या दिवशी ग्रॅहम गूच स्वीप मारत राहिला, ११५ काढले, गावसकर चारवर बोल्ड झाला आणि आपण ३५ रनांनी हरलो. मामी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटची स्टेडियममध्ये गेली होती. घरात भारत हरला की आजही "तुझ्या पायगुणाने" हा जोक होतो, आणि तो जोक फक्त मामालाच आवडतो.

डोंबिवलीला परतल्यावर मामाने विषय काढायला रात्रीचे साडेनऊ वाजवले. मामी भांडी लावत होती. "अहो, विचारताय काय? देऊन टाका," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आधी दाखवा मला." तिकीट हातात घेऊन तिने चष्मा वर केला. "पहाटे उठून पुऱ्या केल्या होत्या. दिवसभर बाथरूमला जायची सोय नव्हती, म्हणून मी पाणीच प्यायले नाही. तुम्हाला आठवतं का?" मामाला गूचचा प्रत्येक स्वीप आठवतो. हे आठवत नव्हतं. "मागे माझं नाव लिहा, मग द्या."

तिकिटावर लिहायचं! अल्बमला कोणी ओल्या हाताने शिवलं तरी ओरडणाऱ्या मामाने पेन्सिल शोधली. "पेनने," मामी म्हणाली. त्याने पेनने लिहिलं. नाव, आणि खाली, तिने सांगितल्यावर, "पुऱ्या".

रविवारी अदलाबदल झाली. काकांनी तिकीट उलटं केलं, वाचलं आणि पुऱ्यांची भानगड काय ते विचारलं. मामाने सगळं सांगितलं, पाण्यासकट. गूचचं नाव एकदाही न घेता.

पंचाहत्तरचा कप्पा अजून रिकामा आहे. त्यापेक्षाही मामाला काळजी अलीकडच्या तिकिटांची, कारण थर्मल कागदावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात आणि हातात पांढरी पट्टी उरते. १५ नोव्हेंबर २०२३ च्या सेमीफायनलचं, विराटच्या पन्नासाव्या सेंच्युरीचं माझं तिकीट त्याने कधीच जप्त करून अंधाऱ्या पाकिटात ठेवलंय. मी शुक्रवारचा पाचचा अलार्म लावलाय. कीमा-पाव तरी नक्की मिळतो.